बोंबलाचा हिशेब

मेडिकल दुकानात औषधं विकतात हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे कागद वाचून दाखवायचे असतात, हे मात्र तालुक्याच्या गावात दुकान टाकल्याशिवाय कळत नाही. निलंग्यात माझ्या दुकानाला एकोणीस वर्षं झाली. रक्ताच्या रिपोर्टपासून बँकेच्या नोटिशीपर्यंत काहीही काउंटरवर येतं. ‘मामा, एवढं काय लिवलंय बघा की.’ औषध घेणारे निम्मे, कागद दाखवणारे निम्मे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर असाच एक कागद आला. आहाराचा तक्ता, रंगीत, गुळगुळीत, सगळा इंग्रजीत. आणणारी बाई पस्तिशीची, शेतमजुरी करणारी. टीबीचं निदान होऊन आठ दिवस झालेले. वजन अडतीस किलो. तक्त्यात न्याहारीला ओट्स होते, चारच्या खाण्याला ग्रीक योगर्ट होतं, आणि दुपारच्या रकान्यात होतं : ‘लीन सॉल्टवॉटर फिश, कॉड किंवा तत्सम, शंभर ग्रॅम, वाफवून.’ मी वाचून दाखवलं. कॉड हा शब्द ऐकून तिने हात मागे घेतला.

‘कोड? कोड तर अंगावर उठतंय की मामा. ते खायाचं?’

मी हसलो नाही. तिच्या जागी मी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता. कॉड हा थंड समुद्रातला मासा, नॉर्वे-आइसलँडकडचा, हे तिला सांगून उपयोग नव्हता. पण त्या रकान्यातला ‘तत्सम’ हा शब्द मला सोडवेना. निलंग्यात कॉडच्या तोडीचं काय मिळतं?

कॉड एका वेगळ्या रूपाने माझ्या दुकानात आधीपासूनच आहे. कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या, पारदर्शक गोळ्या. पोरांना पाजायचं ते वाईट वासाचं तेल ज्यांना आठवतं, त्यांनी तेही दुकानातूनच नेलेलं. या तेलाच्या नावातच त्या माशाची सगळी रचना आली आहे. कॉड आपली चरबी मांसात ठेवत नाही, यकृतात साठवतो. म्हणून त्याच्या यकृतातून तेल निघतं आणि मांस कोरडं राहतं. शंभर ग्रॅम मांसात अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि चरबी एक ग्रॅमसुद्धा नाही. ‘लीन’ म्हणजे एवढंच. बांगडा, तारली, हिल्सा हे मासे याच्या उलट. त्यांचं तेल अंगभर असतं.

मांसात चरबी नसण्याचा आणखी एक परिणाम होतो, तो आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात येत नाही. असा मासा वाळवता येतो. तेलकट मासा नीट वाळत नाही आणि वाळला तरी त्याचं तेल हवेत खवट होतं. म्हणून बांगड्याला मिठात मुरवावं लागतं. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हजार वर्षांपासून कॉड लाकडी मांडवांवर टांगून नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवतात, मीठ न लावता. लाकडासारखा कडक झालेला तो मासा जहाजांतून इटलीपर्यंत गेला आणि आज नायजेरियातही जातो. ज्या गावांनी कॉडचा समुद्र कधी पाहिला नाही त्यांच्या चुलीवर तो शिजतो.

आपल्याकडे हे काम बोंबील करतो.

वर्सोवा, अर्नाळा, वसई, सातपाटी या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, प्रवाहाच्या तोंडाशी उभं केलेलं. त्यात येणारा ओला बोंबील इतका लिबलिबीत असतो की हातात धरवत नाही. शंभर ग्रॅम बोंबलात अठ्ठ्याऐंशी-नव्वद ग्रॅम पाणीच. प्रथिनं नऊ-दहा ग्रॅम, म्हणजे पापलेट-सुरमईच्या निम्मी. चरबी जेमतेम. कोळणी दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि बांबूच्या मांडवावर टांगतात. मीठ नाही, काही नाही, नुसतं ऊन आणि खारा वारा. तीन-चार दिवसांत त्याची काडी होते. त्या मांडवाला तिकडे वलांडी म्हणतात. आमच्याकडे वलांडी हे देवणी तालुक्यातलं गाव आहे. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा देवणीला बोंबील कुठे वाळवतात, असं मी क्षणभर मनात म्हटलं होतं.

निलंग्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या घरात आहे. आमच्याकडे बहुतेकांनी तो सिनेमात पाहिलेला. ओला मासा म्हणजे तळ्याचा नाहीतर मांजरा-तेरणेचा, रोहू, कटला, मरळ. पण आठवडी बाजारात मिरच्यांच्या पलीकडे, थोडं बाजूला, गोणपाटावर सुकट आणि बोंबील असतातच. माझ्या आजीच्या लहानपणीही होते. तेव्हा निलंगा निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं. नंतर ५६ साली उस्मानाबादेत आलं, ८२ साली लातूर जिल्ह्यात. राज्य बदललं, जिल्हे बदलले, गोणपाट तिथेच आहे. शाळेच्या भूगोलात आमच्या पोरांना समुद्र भेटण्याआधी तो कालवणात भेटतो.

म्हणून मी त्या बाईंना म्हटलं, ‘ताई, ते कॉड सोडा. सुके बोंबील खाता का?’

त्यांनी मागे वळून पाहिलं. दुकानात आणखी दोघं उभे होते. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, ‘खाताव की. पण चालतंय का ते? कागदावर न्हाई ना.’

हा खालचा आवाज मला ओळखीचा आहे. गर्भनिरोधकं मागताना लोक ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात ‘सुकट चालतं का’ असं विचारतात. अंडं मोठ्याने विचारतात. चिकन तर फारच मोठ्याने. बोंबील मात्र हळू. याला कारण वास आहे, पण नुसता वास नाही. सुकट-बोंबील हे कुणाचं खाणं, हे गावात ठरलेलं आहे. खातात सगळ्या आळ्यांतले. नाव मात्र काहीच आळ्यांचं होतं. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, तोवर या ताटाबद्दल छापील मराठीत फार थोडं होतं. आहाराचे तक्ते करणाऱ्यांच्या घरात हे ताट नसतं, म्हणून तक्त्यातही नसतं. यात कुणाचा कट आहे असं मला वाटत नाही. माणूस आपल्या स्वयंपाकघरातून बघतो आणि तक्ता लिहितो.

बोंबलाचे आकडे मात्र फार पूर्वीच मोजून ठेवलेले आहेत, आणि तेही आमच्या जुन्या राजधानीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक मी डी.फार्मला असताना रद्दीतून घेतलं होतं. त्यात सुका बोंबील आहे. शंभर ग्रॅममध्ये सुमारे बासष्ट ग्रॅम प्रथिनं, चार ग्रॅम चरबी, चौदाशे मिलीग्रॅमच्या जवळ कॅल्शियम. कॅल्शियम एवढं कारण बोंबलाचा काटा मऊ असतो, तो टाकत नाहीत, चावून खातात. लोहाचा आकडाही मोठा दिलाय. पण उघड्यावर वाळलेल्या, धुळीतून आलेल्या मालातल्या लोहावर मी फार भरवसा ठेवत नाही.

बासष्ट म्हटल्यावर डोळे मोठे होतात. पण हा आकडा जरा फसवा आहे. ओल्या बोंबलात नऊ आणि सुक्यात बासष्ट, म्हणजे उन्हाने प्रथिनं वाढवली असं नाही. पाणी गेलं, बाकीचं तेवढंच उरलं. दूध आणि दुधाची पावडर यांच्यात असतो तोच फरक. शिवाय शंभर ग्रॅम सुके बोंबील एका बैठकीत कोण खातं? ते घमेलंभर होतील. ताटात येतात पंचवीस ग्रॅम, म्हणजे आकाराप्रमाणे चार-सहा काड्या. त्यातून मिळतात पंधरा ग्रॅम प्रथिनं. दोन अंड्यांपेक्षा थोडी जास्त. मी काउंटरवर नेहमी हाच हिशेब सांगतो, शंभर ग्रॅमचा नाही.

आता त्या पंधरा ग्रॅमची किंमत. आमच्या बाजारात तेव्हा पाव किलो बोंबील एकशे साठ रुपयांना होते. दहा दिवस पुरतात. दिवसाला सोळा रुपये. माझ्या दुकानात मागच्या फळीवर प्रोटीन पावडरचे डबे आहेत. चारशे ग्रॅमचा डबा सहाशेच्या आसपास. लेबल वाचलं तर शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं तीस-पस्तीस ग्रॅम; उरलेल्यात बरीचशी साखर, माल्टोडेक्स्ट्रिन आणि चॉकलेटचा वास. रोज दोन चमचे, तीस ग्रॅम घेतली तर दहा ग्रॅम प्रथिनं, आणि दिवसाला पंचेचाळीस रुपये. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला आधी पाचशे मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार मिळतात. ते पैसे खात्यात आले की पुष्कळ जण सरळ डबा मागतात. डबा दिसतो, शोकेसमध्ये ठेवता येतो, भेटायला येणाऱ्याला दाखवता येतो. मी डबा विकतो. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना, ऑपरेशननंतरच्यांना तो लागतोही. पण चार दात शाबूत असलेल्या आणि भूक लागणाऱ्या माणसाने डबा मागितला, की मी आधी विचारतो : घरी काय खाता?

हिशेबच करायचा तर बोंबीलही पहिल्या नंबरवर येत नाही, हे सांगायला पाहिजे. पहिला नंबर आमच्या शेतात आहे. लातूर जिल्हा सोयाबीनवर चालतो. बाजार समितीत खरिपानंतर सोयाबीनचे डोंगर लागतात. त्या दाण्यात चाळीस टक्क्यांच्या जवळ प्रथिनं. सोयाबीनच्या वड्यांत पन्नासच्या वर, आणि पंचवीस ग्रॅम वड्यांना तीन-चार रुपये पडतात. तरी आमच्याकडे सोयाबीन खात नाहीत. विकतात. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्या खातात, आणि आम्ही महिन्यातून एकदा ती कोंबडी खातो. वड्या सांगितल्या की लोक हो म्हणतात आणि पुडा घरात तसाच पडतो. बोंबील सांगितला की त्याच संध्याकाळी तव्यावर जातो. जे खाल्लं जातं तेच अंगी लागतं, आणि चव ही पोषणातली फालतू गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या, तोंड कडू झालेल्या माणसाला उकडलेले मूग खाऊ घालून बघावेत.

शिवाय बोंबलात एक गोष्ट आहे जी सोयाबीनमध्ये नाही, तुरीतही नाही : बी-बारा जीवनसत्त्व. आणि दुसरी, जी ज्वारीला हवी असते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी. माशात ते भरपूर. (तुरीच्या डाळीतही आहे; म्हणून वरण-भाकरी टिकली.) आमच्या दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पूर्वी पेलाग्रा हा कातडीचा आणि डोक्याचा आजार दिसायचा. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन याला कारणीभूत असावं. पुढे त्यावर वादही झाले. पण नुसत्या भाकरीवर जगणाऱ्याचं काहीतरी अडतं, हे त्या आधी आणि नंतर कुणी नाकारलं नाही. भाकरीबरोबर दोन काड्या बोंबील खाणाऱ्या माझ्या आजीने ‘लॅन्सेट’ वाचलेलं नव्हतं. तिला कोरडी भाकरी घशाखाली उतरायला काहीतरी पाहिजे होतं.

टीबी आणि खाणं यांचा संबंध जुनाच, पण मोजमाप अलीकडचं आहे. डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये केलेला ‘राशन्स’ अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाला सहा महिने रोज बाराशे कॅलरी आणि बावन्न ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढा शिधा दिला, आणि निम्म्या गावांत घरातल्या इतरांनाही शिधा दिला. ज्या घरांना तो मिळाला त्यांच्यात नवीन टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झाला. औषध नाही, लस नाही. तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यूही कमी. अडतीस किलोच्या बाईला दोन किलो वाढवायचे म्हणजे काय, हे त्या दिवसापासून मी वजनकाट्याकडे बघून समजायला लागलो.

एक सावधगिरी मात्र औषध देणाऱ्याने सांगायलाच हवी. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड असतं. ते चालू असताना ट्यूना, बांगडा अशा माशांनी, विशेषतः ते नीट ठेवलेले नसतील तर, काहींना त्रास होतो : चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. माशात तयार झालेलं हिस्टामिन शरीरातून निघून जाण्याच्या वाटेत हे औषध अडथळा आणतं. बोंबील त्या जातीचा नाही. तरी ओलसर, वास बदललेला, नीट न वाळलेला कुठलाही मासा घ्यायचा नाही, पहिल्यांदा थोडा खाऊन बघायचा, आणि असं काही झालं तर थांबून डॉक्टरांना सांगायचं, एवढं मी ताईंना दोनदा बजावलं. त्यांच्याकडून म्हणूनही घेतलं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि युरिक अॅसिड वाढलेल्यांना मी बोंबील सुचवतच नाही. आणि हृदयासाठी मासे खा असं जे म्हणतात, ते तेलकट माशांबद्दल असतं. बोंबलाकडून ती अपेक्षा करू नये. चरबी नाही म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. चरबीतले गुण घेऊन तो कसा येणार?

हे सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाल्या, ‘पर खोलीत भाजता येत न्हाई.’

त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या. घरमालकांनी आत येतानाच सांगितलं होतं : अंडं चालेल, वास येणारं काही नाही. टीबी झाल्याचं त्यांनी मालकांना सांगितलेलं नव्हतं. आता बोंबील भाजून खोली गेली असती तर उपचाराच्या मध्यात दुसरी शोधावी लागली असती, आणि तिथे आजार लपवणं जमलं असतं की नाही कुणास ठाऊक. दिवसाला सोळा रुपये, पंधरा ग्रॅम प्रथिनं, बी-बारा, लायसिन, हा माझा सगळा हिशेब त्या एका वाक्यापुढे लटका पडला. पोषणमूल्याच्या कोष्टकात वासाचा रकाना नसतो.

वाट त्यांनीच काढली. तेरणेकाठच्या गावात त्यांची आई होती. तिने शेतातल्या चुलीवर बोंबील भाजायचे, डोकी-शेपट्या मोडायच्या, लसूण, लाल तिखट आणि करडीच्या थोड्या तेलात परतून उखळात कुटायचे. कोरडी चटणी. ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून दर आठवड्याला एसटीने पाठवायची, कंडक्टर ओळखीचा. थंड चटणीचा वास डबा उघडल्यावरच येतो, आणि जेवताना दार लावलेलं असतं. सोबत सकाळी दोन अंडी, रात्री डाळ. दूध परवडेल तेव्हा. दोन महिन्यांनी माझ्या काट्यावर त्या चाळीस किलो चारशे ग्रॅम भरल्या. यातलं बोंबलाचं किती, अंड्याचं किती आणि गोळ्यांचं किती, हे वेगळं करता येत नाही, आणि मी तसा दावा करणारही नाही. भूक परत आली होती. ‘चटणी कमी पडूलालीय,’ असं त्या हसत म्हणाल्या होत्या, हळू आवाजात नाही.

आमच्या घरात बोंबलाचा तवा वेगळा होता. वडिलांनी माळ घातली त्या वर्षी तो तवा परसात गेला, बाभळीच्या खोडाला टेकून राहिला. आजी तिथेच तीन दगड मांडून भाजायची. वडील त्या वेळी देवळात जायचे. भांडण नव्हतं, दोघांनी आपापल्या वेळा वाटून घेतल्या होत्या. बासष्ट ग्रॅमचा आकडा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तो कळला असता तरी वडील देवळातच गेले असते. माळकऱ्याला मी कधी बोंबील सांगत नाही. त्यांना वड्या, शेंगदाणे, हरभरा, दूध. माणसाने काय खावं हे ठरवणं माझं काम नाही. जे तो खाणारच आहे त्यात त्याच्या पैशाचं जास्तीत जास्त अंगी कसं लागेल, एवढंच मी बघतो.

बाजारात बोंबील विकणाऱ्या मावशींशी आता माझी ओळख आहे. मी काही गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवतो, म्हणून त्या मला डॉक्टर म्हणतात. मी दुरुस्त करून थकलो. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो, ती लेबलावर नसते. पावसाळ्यात बोंबील हाताने वाकवून बघायचा. वाकला तर घ्यायचा नाही, त्याने हवेतलं पाणी ओढलंय. आठवड्यात बुरशी येते किंवा किडे लागतात. काडकन मोडला पाहिजे. मग मोडलेली बाजू नाकाशी धरायची. समुद्राचा वास आला तर ठीक, कुबट आला तर परत ठेवायचा. पिवळसर, सोनेरी रंगाचा घ्यावा, तांबूस पडलेला नाही. घरी नेला की एक दिवस कडक उन्हात, मग कोरड्या बरणीत, तळाला कागद. आणि तव्यावर टाकण्याआधी कोमट पाण्यातून एकदा काढायचा, वाळू खाली बसते. मावशी हे सगळं सांगताना हातातला बोंबील मोडून दाखवतात आणि मोडलेला तुकडा वजनात धरत नाहीत.